कमी ताऱ्यांचा खेळ

गेल्या वर्षी पाऊस सरता सरता नवीन पनवेलमधील एक गृहस्थ आपल्या आईला रक्तदाबाच्या तपासणीसाठी माझ्याकडे घेऊन आले. आईंचे वय ७६. जिल्हा परिषदेच्या शाळेतून त्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या आहेत. मी त्यांना ‘बाई’ म्हणतो, कारण त्यांच्या वर्गात बसलेली कितीतरी माणसे आज माझ्याकडे औषध घेतात आणि ती सारी त्यांना बाईच म्हणतात. तपासणी झाली, गोळ्या लिहून दिल्या, आणि उठता उठता चिरंजीवांनी विचारले, “डॉक्टर, आईच्या फोनवर माझ्या मुलाने कोड्यांचा एक खेळ घालून दिला आहे. रोज त्यात अर्धा तास जातो. मी पाहिले तर लोकांनी त्याला पाचपैकी दोनच तारे दिलेत. ठेवावा का?”

बाहेर रुग्ण खोळंबले होते. मी फोनकडे पाहिलेदेखील नाही. “काढून टाका,” मी म्हणालो, “त्यापेक्षा वर्तमानपत्रातले सुडोकू सोडवू द्या.” बाई काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी पिशवी उचलली आणि त्या निघाल्या.

वाचकहो, तो सल्ला देताना माझ्याजवळ काय माहिती होती? दोन तारे, एवढीच. एखाद्या रुग्णाने येऊन सांगितले असते की, शेजाऱ्यांना ही गोळी मानवली नाही, तेव्हा मीही ती बंद करतो, तर मी त्याला खुर्चीत बसवून विचारले असते : शेजाऱ्यांचे वय काय, त्यांना आजार कोणता, गोळी किती दिवस घेतली, आणि न मानवणे म्हणजे नेमके काय झाले? हे चारही प्रश्न मी त्या खेळाच्या बाबतीत विचारायला हवे होते. एकही विचारला नाही.

तीन आठवड्यांनी त्यांच्या सूनबाई स्वतःच्या कंबरदुखीसाठी आल्या. बोलता बोलता म्हणाल्या, “आई हल्ली संध्याकाळच्या अगदी गप्प असतात.” मी झोप, भूक, शौच, पाय दुखणे असे नेहमीचे सारे विचारले. त्यात काही निघाले नाही. मग त्यांनीच हळूच सांगितले की, नातू पुण्याला अभियांत्रिकीला आहे, आणि आजी व नातू दोघेही तोच खेळ खेळत असत. साडेसातच्या सुमारास त्याचा फोन येई. तू कितव्या पायरीवर, मी कितव्या. तो कोपऱ्यातला तुकडा कसा वळवलास. असे पंधरा-वीस मिनिटे चाले. खेळ गेला आणि ते बोलणे ‘जेवलास का?’ आणि ‘हो, जेवलो’ इतके आखूड झाले. सुडोकूचे म्हणाल, तर बाईंच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला आहे आणि दुसऱ्याचा अजून राहिला आहे. वर्तमानपत्रातले बारीक चौकोन त्यांना दिसत नव्हते. हे मला ठाऊक असायला हवे होते. त्यांच्या कागदांवर ते माझ्याच अक्षरात लिहिलेले आहे.

त्या रात्री जेवणानंतर मी तो खेळ माझ्या फोनवर उतरवून घेतला. खेळाचे नाव येथे देत नाही. अशा घडणीचे अनेक खेळ आहेत, आणि मला कोणाची जाहिरातही करायची नाही वा निंदाही. पडद्यावर नळाचे सरळ आणि वाकडे तुकडे विखुरलेले असतात. तुकड्याला बोट लावले की तो पाव वळसा फिरतो. सारे तुकडे जुळवून वरच्या टाकीतले पाणी खालच्या घरापर्यंत पोहोचवायचे. उन्हाळ्यात देहरंग धरणाच्या पाण्याच्या बातम्या वाचत दिवस काढलेल्या पनवेलकरांना या कल्पनेत नवे काही वाटू नये. पहिल्या दहा पायऱ्या मी गमतीने ओलांडल्या. अठराव्या पायरीवर अडलो. सौभाग्यवती शेजारी बसून हसत होत्या.

मग मी लोकांचे अभिप्राय वाचले. तारे न मोजता मजकूर वाचला, आणि आपल्यालाही माझे हेच सांगणे आहे. तक्रारी मुख्यतः तीन प्रकारच्या होत्या. पहिली अशी की, खेळ फार संथ आहे, घड्याळ नाही, गुण नाहीत, कोणाला हरवता येत नाही. दुसरी अशी की, पायऱ्या एकसारख्या वाटतात, नवे काही येत नाही. तिसरी अशी की, दर दोन पायऱ्यांनंतर जाहिरात येते आणि ती बंद करण्याची फुली सापडत नाही.

पहिल्या दोन तक्रारी अठरा-वीस वर्षांच्या मुलांच्या असाव्यात, आणि त्यांच्या जागी त्या खऱ्याच आहेत. पण त्याच गोष्टी सत्तरीच्या माणसाच्या बाजूने पाहा. घड्याळ नाही, म्हणजे हात थरथरला तरी कोणी मागे लागत नाही. गुण नाहीत, म्हणजे कमी पडल्याची खंत नाही. पायऱ्या एकसारख्या, म्हणजे काल शिकलेले आज उपयोगी पडते. नळाचे तुकडे बोटाएवढे मोठे होते आणि पांढऱ्यावर गडद निळे होते. मोतीबिंदूच्या डोळ्याला असा ठळक फरक फार सोयीचा असतो. तरुण परीक्षकांनी ज्याला दोष म्हटले, तोच बाईंच्या दृष्टीने त्या खेळाचा गुण होता. तिसरी तक्रार मात्र सर्वांसाठी खरी होती. मला स्वतःला अर्ध्या तासात एक जाहिरात अशी दिसली की, तुमच्या फोनमध्ये विषाणू शिरला आहे, ताबडतोब येथे दाबा. आपल्या घरातील वृद्ध माणूस अशा वेळी काय करील, याचा विचार करा. यासाठीच मी म्हणतो की, वाईट अभिप्राय निरर्थक नसतात. पण ते कोणी आणि कशाबद्दल लिहिले आहेत, हे पाहावे लागते.

शिवाय लिहितो कोण? ज्याला खेळ फार आवडला तो, आणि ज्याला संताप आला तो. ज्याला तो बरा वाटला, तो निमूटपणे खेळत राहतो. माझ्या दवाखान्यालाही कोणी एक तारा देऊन ठेवला आहे. कारण लिहिले आहे : गाडी लावायला जागा नाही. जुन्या पनवेलच्या गल्लीत खरोखरच जागा नाही, तेव्हा माझी तक्रार नाही. पण त्या ताऱ्यावरून माझे औषध कसे असते हे मात्र कोणाला कळणार नाही.

खेळाचे मोल त्याच्या सजावटीवरून ठरत नाही, याला ‘टेट्रिस’इतके चांगले उदाहरण नाही. अलेक्सेई पाजितनोव्ह यांनी तो मॉस्कोत १९८४ साली तयार केला, तो सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रातील अशा यंत्रावर, की ज्याला चित्रे काढताच येत नव्हती. खाली पडणारे तुकडे त्यांनी कंसांच्या चिन्हांनी दाखवले होते. आजच्या मुलांना तो पडदा दाखवला, तर ती एक तारासुद्धा देणार नाहीत. पुढे तो जगभर पसरला.

आणि कोडी म्हटली की मला देवळालीचे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर आठवतात. जन्म डहाणूचा, १९०५ सालचा. उभा जन्म शाळामास्तरकीत गेला. अंकांशी खेळणे हा त्यांचा ध्यास. पदव्युत्तर पदवी नव्हती, आणि अंकांच्या या गमतींना त्या काळच्या अनेक गणितज्ञांनी किरकोळ मानले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष गेले. कापरेकर तेव्हा सत्तरीत होते. ज्यांच्याजवळ फोन नाही किंवा ज्यांना तो नको आहे, त्यांच्यासाठी त्यांचे एक कोडे येथे देतो. चार अंकी कोणतीही संख्या घ्या; फक्त चारही अंक एकच नसावेत. समजा ३५२४. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडा, ५४३२. चढत्या क्रमाने मांडा, २३४५. वजा करा : ३०८७. आता याच संख्येचे तसेच करा : ८७३० वजा ०३७८, म्हणजे ८३५२. पुन्हा : ८५३२ वजा २३५८, म्हणजे ६१७४. यापुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येईल. आणि आपण कोणत्याही संख्येपासून निघालात, तरी जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत याच संख्येवर पोहोचाल. दुपारच्या चहापूर्वी आजोबांना पाटी-पेन्सिल देऊन पाहा. अक्षर मोठे काढता येते आणि जाहिरात येत नाही.

आता दुसरी बाजू. न्याय्य संधी देणे म्हणजे सारे पोटात घालणे नव्हे. जो खेळ ‘स्मृतिभ्रंश टाळा’, ‘मेंदू दहा वर्षांनी तरुण करा’ असे सांगतो, त्याला पाच तारे असले तरी दूर ठेवा. ‘ल्युमोसिटी’ या प्रसिद्ध मेंदू-व्यायामाच्या खेळांच्या कंपनीवर अमेरिकेच्या व्यापार आयोगाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींचा आरोप ठेवला होता, आणि जानेवारी २०१६ मध्ये कंपनीने २० लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवले. वय वाढल्याने येणारी विस्मृती लांबवता येते, असे सांगण्याला पुरेसा शास्त्रीय आधार नव्हता, हा आक्षेपाचा गाभा होता.

मग कोड्यांनी काहीच होत नाही का? ‘ॲक्टिव्ह’ नावाच्या अमेरिकन अभ्यासात ६५ वर्षांवरील २,८३२ माणसांना वेगवेगळ्या गटांत बुद्धीचे प्रशिक्षण दिले गेले. २००२ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष साधा होता : ज्याने ज्या गोष्टीचा सराव केला, त्याची ती गोष्ट सुधारली. स्मरणाचा सराव करणाऱ्यांचे स्मरण सुधारले, तर्काचा सराव करणाऱ्यांचा तर्क. दहा वर्षांनंतरच्या नोंदी तपासून २०१७ साली असे मांडले गेले की, नजरेने चटकन टिपण्याचा सराव केलेल्या गटात स्मृतिभ्रंशाचे प्रमाण २९ टक्क्यांनी कमी होते. स्मरण आणि तर्काच्या गटांत मात्र तसा ठोस फरक आढळला नाही. पण ते शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली दिलेले ठरावीक प्रशिक्षण होते, फोनवरचा कोणताही एखादा खेळ नव्हे. फिनलंडमधील ‘फिंगर’ अभ्यासात १,२६० माणसांना दोन वर्षे पाहिले गेले, त्याचा निष्कर्ष २०१५ साली आला. तेथे आहार, व्यायाम, बुद्धीचा सराव आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष हे सारे एकत्र दिले, तेव्हा बुद्धीच्या चाचण्यांत थोडा फायदा दिसला. म्हणून मी कोड्याला औषध म्हणत नाही. वडाळे तलावाभोवतीची सकाळची फेरी सोडून कोणी नळाचे तुकडे फिरवत बसला, तर तो तोट्याचाच व्यवहार होईल. ऐकू कमी येत असेल, तर आधी कानांचे पाहा. बहिरेपणाने माणूस जितका एकटा पडतो, तितके कोणतेही कोडे त्याला परत आणू शकत नाही.

बाईंच्या घरी मी दुसऱ्या दिवशी फोन केला आणि माझा सल्ला मागे घेतला. घाईत बोललो, हे सांगून टाकले. त्यानंतर आम्ही जे केले, ते आपल्या घरीही करण्यासारखे आहे. मुदत ठरवली : चौदा दिवस. नवे औषध मी दोन दिवसांत निकालात काढत नाही. खेळालाही पहिले तीन-चार दिवस बोट सरावण्यात जातात. वयाबरोबर बोटांची कातडी कोरडी होते आणि पडदा स्पर्श ओळखत नाही. आजी ‘मला जमत नाही’ म्हणतात, तेव्हा पुष्कळदा दोष बुद्धीचा नसून बोटाचा असतो. हात धुऊन किंचित मलम चोळले तरी फरक पडतो. चौदा दिवसांत रोज वीस मिनिटे, चष्मा लावून, टेबलावर फोन उभा टेकवून, म्हणजे मान खाली जात नाही. झोपण्यापूर्वीच्या तासात नाही. ज्यांना इन्सुलिन चालू आहे, त्यांनी खेळ जेवणानंतरच घ्यावा. कोड्यात गुंतून जेवणाची वेळ टळली आणि साखर उतरली, असे माझ्या पाहण्यात आहे.

जाहिरातींचा उपाय नातवानेच सांगितला. खेळताना फोनचे इंटरनेट बंद ठेवायचे. हा खेळ इंटरनेटशिवाय चालतो, जाहिराती येत नाहीत, आणि साधे फोन मात्र येत राहतात. सगळेच खेळ असे चालत नाहीत. जो चालत नाही, तो आजी-आजोबांच्या फोनवर नसलेला बरा. त्या फोनवर पैसे पाठवण्याची सोय असेल, तर तिचा गुप्त अंक खेळात कधीही मागितला जाणार नाही, हे त्यांना स्पष्ट सांगून ठेवा. खेळातून काही विकत घेताना सांकेतिक शब्द लागेल, अशी व्यवस्थाही करून घ्या.

आणि मोजायचे काय? स्मरणशक्ती नव्हे. आम्ही एकच गोष्ट ठरवली : बाई आपणहून खेळायला बसतात का, की सूनबाईंना आठवण करावी लागते. सूनबाईंनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर टिंब काढायचे. चिडचिड वाढली, झोप बिघडली, डोळ्यांतून पाणी येऊ लागले, किंवा जेवण सोडून खेळणे सुरू झाले, तर बंद. चौदापैकी अकरा दिवस टिंबे आली. मी सुरुवातीला स्मरणाची छोटी चाचणी घेतली होती, ३० पैकी २६ गुण होते. तीन महिन्यांनी घेतली, तेव्हाही २६. खेळाने स्मरण वाढले, असे मला म्हणता येणार नाही. साडेसातचा फोन मात्र पुन्हा सुरू झाला.

पुढची गोष्ट जानेवारीतली. एका रात्री सूनबाईंचा मला फोन आला. “डॉक्टर, आईंना आज दुसरी पायरीसुद्धा जमेना. नातवाने विचारले, तर म्हणाल्या, हे नळ कसले?” बाई तेव्हा साठाव्या पायरीच्या पुढे होत्या. दोन दिवसांपासून मळमळ होती, चालताना तोल जात होता. घरच्यांनी ते थंडीवर आणि वयावर ढकलले होते. हात-पाय, चेहरा, बोलणे यांत अर्धांगाचे चिन्ह नव्हते. तरी मी लगेच रुग्णालयात पाठवले. रक्तातील सोडियम १२१ निघाले. ते १३५ ते १४५ असावे लागते. रक्तदाबासाठी मी दिलेल्या गोळीत लघवी वाढवणारा घटक होता, त्याचा हा परिणाम. उतारवयात, विशेषतः स्त्रियांमध्ये, तो होतो हे पुस्तकात आहे आणि मला ठाऊकही होते; तपासणी मात्र महिनाभर आधीच व्हायला हवी होती. सोडियम हळूहळू वर आणावे लागते, त्याला चार दिवस लागले. गोळी बदलली.

हे मी सविस्तर सांगतो, कारण घरात शुश्रूषा करणाऱ्यांना याचा उपयोग आहे. महिन्या-महिन्यांनी सावकाश होणारी विस्मृती वेगळी, आणि कालपर्यंत जमणारी गोष्ट आज अचानक न जमणे वेगळे. दुसऱ्या प्रकाराला वय म्हणू नका. त्यामागे सोडियम असते, लघवीचा संसर्ग असतो, साखर उतरलेली असते, नवे औषध असते, चार आठवड्यांपूर्वी डोक्याला लागलेला आणि विसरलेला मार असतो, किंवा अर्धांगाची सुरुवात असते. यांपैकी बहुतेक गोष्टींवर उपाय आहे, पण तासांचा हिशेब असतो. तोंड वाकडे झाले, हातातली शक्ती गेली, बोलणे अडखळले, तर मला फोन करण्यातही वेळ घालवू नका; थेट रुग्णालय गाठा. आणि हे ओळखण्यासाठी त्या माणसाची रोजची एखादी गोष्ट आपल्याला माहीत असावी लागते. कोणाच्या घरी ती रांगोळी असते, कोणाच्या घरी पोथीचे वाचन, कोणाच्या घरी दुधाचा हिशेब. बाईंच्या घरी तो नळांचा खेळ होता. तो माझ्या सल्ल्याप्रमाणे काढलेलाच राहिला असता, तर ती मळमळ आणखी किती दिवस थंडीच्या नावावर खपली असती, हे मी कधी कधी रात्री मोजतो.

मार्चमध्ये बाई तपासणीला आल्या. चालणे नीट होते, सोडियम १३८. माझा खेळ अठ्ठाविसाव्या पायरीवर अडला आहे, हे त्यांना नातवाकडून कळले होते. त्यांनी तेथल्या तेथे माझा फोन मागून घेतला आणि दोन तुकडे फिरवून दिले. मी विचारले, “बाई, तुम्ही याला किती तारे द्याल?” त्यांनी चष्मा पुसला, थोडा विचार केला आणि म्हणाल्या, “तारेबिरे मला कळत नाहीत, डॉक्टर. दहापैकी सहा. एक गुण जाहिरातींचा कापला आहे.”